वाळवंटी डोंगरावरचा हनीसकल : हर्बेरियममधील नोंदी कशा वाचाव्यात

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहराच्या उत्तरेला आणि ईशान्येला सांता कॅटालिना नावाची डोंगररांग पसरलेली आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७३० मीटर उंचीवर, सोनोरन वाळवंटात वसलेले आहे. तेथे वर्षभरात जेमतेम ३० सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि डोंगराच्या पायथ्याशी दोन-तीन मजली घराएवढे उंच सवारो निवडुंग उभे असतात. पायथ्यापासून वर जाणारा घाटरस्ता सुमारे ४३ किलोमीटर लांबीचा आहे. त्या रस्त्याने चढताना निवडुंग मागे पडतात, गवताळ उतार येतात, मग ओकची ठेंगणी झाडी, मग पाइनचे वन, आणि २,७९१ मीटर उंचीच्या माउंट लेमन शिखराजवळ, विशेषतः उत्तरेकडच्या सावलीच्या उतारांवर, डग्लस फर आणि पांढऱ्या फरचे गार, दाट जंगल लागते. हिवाळ्यात तेथे बर्फ साचतो. याच वरच्या पट्ट्यात हनीसकलची एक रानटी जात वाढते. तिचे शास्त्रीय नाव लोनिसेरा ॲरिझोनिका.

हा झुडपासारखा पसरणारा किंवा शेजारच्या झुडपांवर अर्धवट चढणारा वेल आहे. त्याची पाने समोरासमोर जोडीने येतात, पानांच्या कडांना बारीक केस असतात आणि फुलांच्या लगेच खाली असलेल्या पानांच्या जोडीचे तळ एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे देठ त्या पानांच्या मधोमध आरपार गेल्यासारखा वाटतो. फुले लांब नळीच्या आकाराची, बाहेरून लाल आणि आतून नारिंगी असतात, आणि त्या नळीतला मध पिण्यासाठी गुंजनपक्षी येतात. पुढे लाल रंगाची छोटी फळे धरतात. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको हे या जातीचे मुख्य प्रदेश असून ती प्रामुख्याने डोंगरांच्या उंच भागातील पाइन आणि फरच्या वनांत आढळते. खालच्या वाळवंटात ती जगू शकत नाही. म्हणजे नकाशावर तिचा प्रदेश मोठा दिसला, तरी प्रत्यक्षात तो एकमेकांपासून तुटलेल्या उंच तुकड्यांचा बनलेला आहे.

अशा डोंगरांना तेथील अभ्यासक ‘आकाशातील बेटे’ म्हणतात. उत्तरेकडील कोलोराडो पठाराची कड आणि दक्षिणेकडील मेक्सिकोतील सिएरा माद्रे पर्वत यांच्या दरम्यान अशा कितीतरी रांगा वाळवंटातून आणि कोरड्या गवताळ मैदानांतून वर डोकावतात. शेवटच्या हिमयुगात हवामान थंड आणि ओलसर असताना आजच्या वाळवंटी भागातही पिनयॉन पाइन आणि जुनिपर वाढत होते. याचा पुरावा एका विशेष ठिकाणी मिळतो. त्या प्रदेशातील पॅकरॅट नावाचे उंदीर आसपासच्या काड्या, पाने, बिया आणि काटे गोळा करून खडकांच्या कपारींत साठवतात. त्यांच्या मूत्राचे स्फटिक होऊन तो साठा घट्ट होतो आणि कोरड्या जागी हजारो वर्षे टिकतो. किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने त्याचे वय काढले, की त्या काळी त्या कपारीच्या आसपास कोणत्या वनस्पती होत्या, हे कळते. हवा तापत गेली तशी थंडीप्रिय वने वर सरकली आणि डोंगरमाथ्यांवर विभागली गेली. आता हवा पुन्हा तापत असताना तीच वने आणखी वर सरकत आहेत का, हा प्रश्न आहे. डोंगर वर निमुळता होत जात असल्यामुळे प्रत्येक टप्प्यावर उपलब्ध जमीन कमी होते, आणि शिखराच्या वर तर जागाच नसते. हनीसकलसारख्या जातीसाठी हा प्रश्न म्हणूनच गंभीर आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर शंभर वर्षांपूर्वी हा वेल कोठे होता, हे आधी कळायला हवे. त्या काळी त्याची मोजदाद करण्याच्या हेतूने कोणी डोंगर पालथा घातला नव्हता. उपलब्ध आहेत ती त्या-त्या वेळी कोणीतरी तोडून, दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून ठेवलेली डहाळी आणि तिच्यासोबतचे लेबल. अशा नमुन्यांच्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. ही पद्धत सोळाव्या शतकात इटलीत, पिसा येथील लुका गिनी या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या शिकवणीतून रुजली असे मानले जाते. सुरुवातीला वाळलेल्या वनस्पती बांधीव वहीत चिकटवत असत. अठराव्या शतकात लिनियसने सुटी पत्रके कपाटात ठेवण्याची पद्धत लोकप्रिय केली, कारण वर्गीकरण बदलले की सुटे पत्रक एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात हलवता येते. आज जगभरच्या साडेतीन हजारांच्या आसपास हर्बेरियमांत मिळून जवळपास ४० कोटी नमुने आहेत. आपल्याकडे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम आणि पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे हर्बेरियम ही याच परंपरेतील आहेत.

हर्बेरियमचे पत्रक साधारण ४२ सेंटिमीटर लांब आणि २९ सेंटिमीटर रुंद असते. त्यावर पाने, फुले आणि शक्य असल्यास फळे दिसतील अशा रीतीने डहाळी मांडलेली असते, एखादे पान मुद्दाम उलटे ठेवलेले असते आणि गळून पडलेले भाग एका छोट्या कागदी पाकिटात असतात. उजव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात बहुधा लेबल असते. त्यावर वनस्पतीचे नाव, संग्राहकाचे नाव, त्याचा क्रमांक, तारीख, ठिकाण, उंची, आसपासची परिस्थिती आणि सोबत वाढणाऱ्या वनस्पती यांची नोंद असते. हे लेबल म्हणजे पत्रकाची केवळ ओळखचिठ्ठी आहे, असे अनेकांना वाटते. माझ्या मते लेबल आणि डहाळी यांचे मोल सारखेच आहे. डहाळी हरवली तर लेबलवरील विधान पडताळता येत नाही, आणि लेबल हरवले तर उरते ते केवळ एक सुंदर वाळलेले पान.

हनीसकलच्या बाबतीत लेबलवरचा एक तपशील फार उपयोगी पडतो, तो म्हणजे फुलांचा रंग. दाबून वाळवल्यावर लाल-नारिंगी रंग हळूहळू तपकिरी होतो आणि काही दशकांनी पत्रकावर पाहून मूळ रंग सांगता येत नाही. नैर्ऋत्य अमेरिकेत हनीसकलच्या इतरही रानटी जाती आहेत. एका जातीची फुले लहान आणि पिवळी असून तिचे फुलोरे थोड्या-थोड्या अंतराने देठावर येतात, तर दुसऱ्या एका जातीची फुले पांढरट असतात. या जातींमध्येही वरच्या पानांचे तळ जोडलेले असतात. त्यामुळे फुले नसलेली डहाळी कोणी गोळा केली आणि घाईत नाव लिहिले, तर चूक होण्याची शक्यता असते. पानांच्या कडेचे केस, फुलाच्या नळीची लांबी आणि पाकळ्यांची टोके सारखी आहेत की दोन ओठांत विभागलेली आहेत, हे भिंगाखाली पाहून ओळख पक्की करावी लागते. पुढे कोणी तज्ज्ञाने पत्रक तपासून नाव बदलले, तर तो जुने नाव खोडत नाही. तो स्वतःचे नाव आणि तारीख घातलेली छोटी चिठ्ठी शेजारी चिकटवतो. अशा तीन-चार चिठ्ठ्या असलेले पत्रक पाहिले की त्या वनस्पतीविषयीची समज कशी बदलत गेली, ते एकाच कागदावर वाचता येते.

नावांच्या इतिहासाचा आणखी एक परिणाम नोंदींवर होतो. लोनिसेरा ॲरिझोनिका ही वेगळी जात आहे, असे आल्फ्रेड रेडर यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला मांडले. मूळचे जर्मन असलेले रेडर तेव्हा हार्वर्ड विद्यापीठाच्या आर्नल्ड आर्बोरेटममध्ये, म्हणजे अभ्यासासाठी राखलेल्या वृक्षोद्यानात, काम करत होते आणि १९०३ मध्ये त्यांनी संपूर्ण लोनिसेरा प्रजातीचा आढावा प्रसिद्ध केला. साहजिकच त्याआधी गोळा झालेल्या नमुन्यांवर हे नाव असू शकत नव्हते. जुन्या पत्रकांचा शोध केवळ आजच्या नावाने घेतला आणि ज्यांच्यावर नंतर चिठ्ठी लागली नाही अशी पत्रके सुटली, तर एकोणिसाव्या शतकात हा वेल डोंगरात नव्हताच, असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

एकोणिसाव्या शतकात तेथे वनस्पती गोळा करणारी माणसे होती, आणि त्यांपैकी एक दांपत्य विशेष लक्षात राहण्याजोगे आहे. सारा प्लमर लेमन आणि जॉन गिल लेमन यांनी १८८१ मध्ये, लग्नानंतरच्या प्रवासात, सांता कॅटालिना चढण्याचा प्रयत्न केला. टूसॉनच्या बाजूने, दक्षिणेकडून, त्यांना शिखर गाठता आले नाही. मग ते रांगेच्या उत्तरेला गेले आणि तेथील पशुपालक इमर्सन स्ट्रॅटन यांच्या मदतीने माथ्यावर पोहोचले. शिखराला साराचे नाव देण्यात आले, ते आजही कायम आहे. एका स्त्री वनस्पतिशास्त्रज्ञाच्या कष्टाची अशी ठळक आठवण नकाशावर राहिली, याचा मला मनापासून आनंद वाटतो, कारण त्या काळच्या बहुतेक स्त्री-संग्राहकांची नावे नवऱ्याच्या आडनावामागे लपून गेली. पुढे १८९१ मध्ये ॲरिझोना विद्यापीठाचे हर्बेरियम सुरू झाले. आज त्यात चार लाखांहून अधिक नमुने आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी टूसॉनजवळच्या टुमामोक टेकडीवर कार्नेगी संस्थेची वाळवंट प्रयोगशाळा स्थापन झाली, आणि तेथील फॉरेस्ट श्रीव्ह यांनी सांता कॅटालिनाचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९१५ मध्ये या डोंगरावरील वनस्पती आणि हवामान यांच्या संबंधावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

श्रीव्ह यांच्या कामातील दोन गोष्टी हनीसकलची पत्रके वाचताना सतत जवळ ठेवाव्या लागतात. पहिली अशी की, वाळवंटी डोंगरावर एखाद्या वनस्पतीची वरची सीमा बहुधा थंडी ठरवते आणि खालची सीमा कोरडेपणा ठरवतो. म्हणून हवा तापण्याचा आणि पाऊस कमी होण्याचा परिणाम हनीसकलच्या खालच्या सीमेवर आधी दिसावा, ही अपेक्षा तर्काला धरून आहे. दुसरी गोष्ट अशी की, उंची एकटी काहीच ठरवत नाही. रात्री थंड, जड हवा घळींतून खाली वाहते, घळीत सावली आणि ओल जास्त असते, आणि त्यामुळे वरच्या जंगलातील झाडे घळीच्या आधाराने बरीच खाली उतरतात. उलट दक्षिणेकडच्या उघड्या उतारांवर खालच्या वनस्पती पुष्कळ वर चढलेल्या असतात. एकाच उंचीवर, दोन हाकांच्या अंतरावर, एका बाजूला निवडुंग आणि दुसऱ्या बाजूला पाइन असे दृश्य तेथे खरोखर दिसते. म्हणजे लेबलवर ‘६,००० फूट’ असे लिहिले असेल, तर ते ६,००० फूट घळीतले की उघड्या उतारावरचे, हे कळल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ पुरता लागत नाही.

आता या नोंदींच्या सर्वांत अवघड भागाकडे वळू. जुन्या लेबलांवर ठिकाण फार मोघम असते. एकोणिसाव्या शतकातील एखाद्या पत्रकावर केवळ ‘सांता कॅटालिना पर्वत’ एवढेच असू शकते, जसे आपल्याकडच्या जुन्या पत्रकांवर नुसते ‘खंडाळा’ किंवा ‘महाबळेश्वर’ असते. विसाव्या शतकात अमेरिकी जमीन-मोजणीतील चौकोनांचा उल्लेख येऊ लागला. या चौकोनांपैकी ‘सेक्शन’ म्हणजे एक चौरस मैल, अर्थात प्रत्येक बाजू सुमारे १.६ किलोमीटर. नमुना त्या चौकोनात कोठेही घेतलेला असू शकतो. आज संगणकावर नकाशा काढण्यासाठी या वर्णनाचे अक्षांश-रेखांशांत रूपांतर करतात आणि त्यासोबत अनिश्चिततेची त्रिज्या लिहितात : बिंदू येथे आहे, पण खरे ठिकाण त्याच्याभोवती इतक्या मीटरांत कोठेही असू शकते. सपाट मैदानात एक किलोमीटरच्या अनिश्चिततेने फारसे बिघडत नाही. डोंगरावर बिघडते. तीस अंशांच्या उतारावर आडवे एक किलोमीटर सरकले तर उंचीत ५७७ मीटरचा फरक पडतो.

हा आकडा कशाशी ताडून पाहायचा? टूसॉनच्या खोऱ्यात १९४९ ते २०११ या काळात सरासरी तापमान दर दशकाला सुमारे ०.२५ अंश सेल्सिअसने वाढले, म्हणजे सहा दशकांत साधारण दीड अंश. उंचीनुसार तापमान दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंशांनी घटते असे धरले, तर दीड अंशाची भरपाई करण्यासाठी वनस्पतीला सुमारे २३० मीटर वर सरकावे लागेल. जे सरकणे शोधायचे ते २३० मीटरांचे, आणि नोंदीतील संभाव्य चूक ५०० मीटरांहून मोठी! म्हणून ज्या पत्रकांवर संग्राहकाने स्वतः उंची लिहिली आहे किंवा ओळखता येईल असे झरा, खिंड किंवा वाट यांचे नाव दिले आहे, तीच पत्रके या प्रश्नासाठी वापरता येतात. त्यांतही जुनी उंची बहुतेक वेळा वायुभारमापकावरून घेतलेली असे, आणि हवामान बदलले की त्या उपकरणाचे वाचन काही दहा मीटरांनी चुकत असे. अनिश्चिततेचा रकाना न पाहता नकाशावरचे सगळे ठिपके सारखेच खरे मानणे, ही या क्षेत्रातील सर्वांत सहज होणारी आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

ठिकाण अचूक असले तरी आणखी एक अडचण उरते, आणि ती थोडी सूक्ष्म आहे. पत्रक असणे म्हणजे त्या दिवशी त्या जागी ती वनस्पती होती, याचा भक्कम पुरावा. पत्रक नसणे म्हणजे ती वनस्पती तेथे नव्हती, याचा पुरावा मात्र नाही. कदाचित तेथे कोणी गेलेच नसेल, गेले असेल पण फुलांच्या हंगामात नाही, किंवा हनीसकल दिसूनही तो आधीच संग्रहात आहे म्हणून घेतला नसेल. सांता कॅटालिनावरचा घाटरस्ता १९३३ मध्ये सुरू होऊन १९५० च्या सुमारास पुरा झाला, आणि कोठल्याही डोंगराप्रमाणे येथेही रस्ता झाल्यावर नमुने रस्त्याच्या कडेने वाढतात. विद्यापीठाच्या सुट्ट्या, सुट्टीच्या दिवसाची सहल, गाडी लावता येईल अशी वळणे, हे सगळे नकाशावरच्या ठिपक्यांत उतरलेले असते. या गोष्टी लेबलवर कोणी लिहीत नाही, पण त्यांच्याशिवाय लेबल वाचता येत नाही.

संख्येचाही परिणाम होतो. समजा, १९०० ते १९४० या काळातील हनीसकलची दहा विश्वासार्ह पत्रके मिळाली आणि १९८० ते २०२० या काळातील साठ. वेलाचा पट्टा तसूभरही हलला नाही असे क्षणभर मानू. तरीही साठ पत्रकांतील सर्वांत खालची नोंद दहा पत्रकांतील सर्वांत खालच्या नोंदीपेक्षा खाली असण्याची शक्यता बरीच जास्त आहे, कारण जास्त वेळा शोधले की टोकाची उदाहरणे जास्त सापडतात. म्हणजे वेल खरोखर वर सरकला असला, तरी वाढलेल्या शोधामुळे तो खाली उतरल्यासारखा दिसू शकतो. याउलट जुन्या काळात घळी जास्त फिरल्या गेल्या आणि नव्या काळात रस्त्याकडेचे उतार, तर न सरकलेला वेल सरकल्यासारखा दिसेल. यावर उपाय असा की, हनीसकलची पत्रके एकटी वाचायची नाहीत. त्याच संग्राहकांनी, त्याच दशकात, त्याच उंचीच्या पट्ट्यात गोळा केलेल्या इतर सर्व वनस्पतींची पत्रके काढायची. एखाद्या घळीत १,७०० मीटर उंचीवर अनेक संग्राहकांनी जून-जुलैत शेकडो नमुने घेतले आणि त्यांत हनीसकल एकदाही नाही, तर त्या अनुपस्थितीला वजन येते. जेथे कोणी काहीच गोळा केले नाही, तेथील अनुपस्थिती मौन समजून सोडून द्यायची. मग दोन्ही काळांतून सारख्या संख्येने नोंदी पुन्हापुन्हा निवडून तुलना करायची. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

पत्रकांच्या या मर्यादांमुळेच ठरावीक वाटेने पुन्हा केलेली पाहणी फार मोलाची ठरते, आणि याच डोंगरावर तशा दोन पाहण्या झाल्या आहेत. रॉबर्ट व्हिटेकर आणि विल्यम नीअरिंग यांनी १९६० च्या दशकात येथे कोणती वनस्पती कोणत्या उंचीपासून कोणत्या उंचीपर्यंत आढळते, याची पद्धतशीर नोंद केली होती. सुमारे पाच दशकांनी संशोधकांनी त्याच डोंगरावर पुन्हा मोजणी केली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येक जातीचे वागणे वेगळे असले, तरी एकंदरीत उंच भागातील वनस्पतींच्या खालच्या सीमा वर सरकल्या होत्या आणि अनेकींचे उंचीचे पट्टे अरुंद झाले होते. दुसरी पाहणी एका स्वयंसेवक निसर्गनिरीक्षकाने वर्षानुवर्षे फिंगर रॉक घळीची एकच वाट चढत केली. त्याच्या १९८४ ते २००३ या काळातील नोंदींतील ३६३ जातींपैकी ९३ जातींच्या फुलण्याच्या उंचीत लक्षणीय बदल दिसला. एका माणसाने पगाराविना, केवळ चिकाटीने केलेल्या नोंदी पुढे शास्त्रीय नियतकालिकात विश्लेषणासाठी वापरल्या गेल्या, ही गोष्ट प्रत्येक हौशी निसर्गप्रेमीने वाचावी अशी आहे.

हर्बेरियमच्या पत्रकांतून उंचीखेरीज काळही वाचता येतो. पत्रकावर फूल असेल आणि तारीख असेल, तर त्या दिवशी तो वेल फुललेला होता, हे निश्चित. बॉस्टनमध्ये, जेथे रेडर यांनी आयुष्य घालवले त्याच आर्नल्ड आर्बोरेटममधील झाडांच्या जुन्या वाळवलेल्या नमुन्यांवरून २००४ मध्ये असे दाखवण्यात आले की, १९०० ते १९२० च्या तुलनेत १९८० ते २००२ या काळात तीच झाडे सरासरी आठ दिवस आधी फुलत होती. तेथे झाडे एका जागी उभी होती, त्यामुळे तुलना सरळ होती. डोंगरावर मात्र वर जावे तसा बहर उशिरा येतो. दोन दशकांतील तारखांची तुलना करताना दोन्ही नमुने साधारण एकाच उंचीवरचे नसतील, तर उंचीचा फरक काळाचा फरक म्हणून वाचला जाईल. शिवाय त्या वर्षी हिवाळ्यात बर्फ किती पडला आणि जुलैत सुरू होणारा मान्सूनचा पाऊस वेळेवर आला का, यावरही फुले अवलंबून असतात. गुंजनपक्षी ठरावीक काळात स्थलांतर करतात, म्हणून फुलांचा काळ सरकला तर दोघांची गाठ चुकू शकते. ही भीती रास्त आहे, पण ती सिद्ध करण्यासाठी पक्ष्यांच्या आगमनाच्या नोंदीही त्याच डोंगरावरच्या असाव्या लागतात.

वाळलेल्या पानात आणखीही माहिती दडलेली असते. १९८७ मध्ये एफ. आय. वुडवर्ड यांनी इंग्लंडमधील हर्बेरियमच्या पानांवरील श्वसनरंध्रे मोजून दाखवले की, औद्योगिक काळातील सुमारे दोनशे वर्षांत त्यांची घनता जवळपास ४० टक्क्यांनी घटली होती, आणि त्यांनी तिचा संबंध हवेतील वाढत्या कार्बन डायऑक्साइडशी जोडला. पानाच्या कणभर तुकड्यातून डीएनए काढून, दोन डोंगरांवरच्या हनीसकलमधील आनुवंशिक अंतर किती आहे, हेही तपासता येते. एकोणिसाव्या शतकात ज्यांनी ती डहाळी दाबली, त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. म्हणूनच एखादा संग्रह ‘आता कामाचा नाही’ असे आज ठरवणे मला धोक्याचे वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने सव्वाआठ लाखांच्या आसपास नमुने असलेले आपले हर्बेरियम बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी विरोध केला तो या कारणासाठी.

आज नैर्ऋत्य अमेरिकेतील अनेक हर्बेरियमांची पत्रके एसईआयनेट या सामाईक संगणकीय संग्रहात एकत्र पाहता येतात. लोनिसेरा ॲरिझोनिका असे नाव टाकले की नोंदींची यादी, नकाशा आणि अनेक पत्रकांची छायाचित्रे समोर येतात. ही सोय मोठी आहे, पण येथेही एक सावधगिरी हवी. संग्राहक एकाच वेलाच्या तीन-चार डहाळ्या घेऊन वेगवेगळ्या संस्थांना पाठवतात, त्यामुळे एकाच दिवशीची, एकाच क्रमांकाची एक नोंद यादीत अनेकदा येते. संग्राहकाचे नाव, क्रमांक आणि तारीख जुळवून ही पुनरुक्ती काढल्याशिवाय मोजणी करू नये. हल्ली लोक मोबाइलवर काढलेली छायाचित्रेही नोंदवतात. त्यांत ठिकाण अचूक आणि फुलाचा रंग जिवंत असतो, जे जुन्या पत्रकांत मिळत नाही. मात्र छायाचित्रातून डीएनए मिळत नाही, आणि पानाच्या कडेचे केस दिसतीलच असेही नाही.

दरम्यान डोंगर बदलतो आहे. २००३ मध्ये ॲस्पेन वणव्याने सांता कॅटालिनाचा सुमारे ३४,००० हेक्टर भाग जाळला आणि माथ्यावरच्या समरहेवन वस्तीतील शेकडो इमारती भस्मसात केल्या. २०२० च्या जूनमध्ये विजेमुळे लागलेल्या बिगहॉर्न वणव्याने ४८,००० हेक्टरांहून अधिक क्षेत्र व्यापले. वणव्यानंतर एखाद्या जागी हनीसकल दिसला नाही, तर तो तापमानामुळे गेला की आगीमुळे, हे वेगळे करणे अवघड होते, आणि वणव्याआधीची पत्रके येथे पुन्हा उपयोगी पडतात. ज्या घळींतून आणि ज्या उघड्या उतारांवरून जुनी, नेमक्या उंचीची पत्रके उपलब्ध आहेत, त्यांची आधी दोन वेगळ्या गटांत विभागणी करावी लागेल. मग परवानगी घेऊन, बहराच्या दिवसांत, दोन्ही ठिकाणी त्याच उंचीवर शोध घ्यावा लागेल, आणि आढळलेल्या वेलाची डहाळी घेताना फुलाचा रंग, उतार कोणत्या दिशेला आहे, जमीन कधी जळली होती आणि ठिकाणाच्या नोंदीत किती मीटरांची चूक संभवते, हे लेबलवर लिहावे लागेल. शोधूनही वेल मिळाला नाही, तर कोणत्या वाटेने किती वेळ शोधला आणि तेथे इतर काय-काय फुलले होते, हेही तारखेसह नोंदवून त्याच हर्बेरियममध्ये जमा करायला हवे.